आत्याचं हसू आणि घरघरणारी लेन्स

माझी आत्या मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची. गिऱ्हाइकाशी भांडता भांडता मध्येच अशी खदखदून हसायची की तिचा पुढचा वाकडा दात अख्ख्या बाजाराला दिसायचा. मी लग्नाबारशांचे फोटो काढून पोट भरत होते, पण या हसण्याचा एक फोटो काही मला मिळत नव्हता.

तिच्या लग्नात स्टुडिओवाल्याने तिला दम भरला होता, तोंड मीट आणि हलू नकोस. तेव्हापासून फोटो म्हणजे तोंड मिटणं, हे तिने पक्कं धरलेलं. जुन्या कॅमेऱ्याला फोकसची रिंग हाताने फिरवावी लागे. ती जागेवर येईपर्यंत आत्या पदर सावरून शिक्षेला बसल्यासारखी तयार. मग मी मोठ्या हौसेने ऑटोफोकसवाला कॅमेरा घेतला. बटण अर्धं दाबलं की त्याची मोटर घर्रर्र करत लेन्सला पुढेमागे पळवायची आणि नेमकी मागच्या बांगडे भरलेल्या टोपलीवर नेऊन थांबवायची. घरघर ऐकली की आत्याचं तोंड बंद. माझं डोकंच फिरायचं.

तिच्या आईचा एकही फोटो नव्हता. एकदा मासे कापताना ती सहज बोलून गेली, "आवशीचा तोंडच आता आठवणा नाय गो. डोळे मिटून बघतंय, तरी दिसणा नाय." त्या दिवसापासून मी हट्टालाच पेटले. आत्याचा हसरा चेहरा मला असा हरवू द्यायचा नव्हता.

काही वर्षांनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याच्यासोबत मोटर स्वतःच्याच पोटात असलेली नवी लेन्स. तिला नावालाही आवाज नव्हता. जुन्या लेन्समधून उन्हात चकाकणाऱ्या खवल्यांच्या कडांना जांभळी झालर यायची, तीही नव्या भिंगांनी घालवली. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून मी ती लेन्स पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. आई म्हणायची, सुनेचेही इतके लाड कोणी करत नाही.

बाजारात गेले तेव्हा आत्या सुरमईचा भाव करत होती. गिऱ्हाईक काहीतरी बोललं आणि ती हसत सुटली. लेन्सने मुकाट्याने तिचा चेहरा धरला, मी बटण दाबलं. खटका ऐकून तिने घाईघाईने तोंड मिटलं, पदर सावरला आणि मला म्हणाली, आता काढ.

मी फोटो दाखवला. स्वतःला हसताना तिने कधी पाहिलंच नव्हतं; आरशासमोर उभं राहून कोण हसतं? हात पुसून ती बराच वेळ बघत राहिली.

"ही माझी आवस," ती म्हणाली.

मला रडू आलं, भर बाजारात.

तो फोटो मोठा करून दिला. तिने तो देव्हाऱ्याशेजारी लावला आणि रोज आंघोळ झाली की त्याला अबोलीचा वळेसर घालू लागली. शेजारणी हादरल्या. जिवंतपणी स्वतःच्याच फोटोला हार? मीसुद्धा तिच्यावर रागावले.

वळेसर सारखा करत ती म्हणाली, "माझो फोटो अजून काढूचो आसा. तोंड मिटून बसतंय, घेवन ये तुझो कॅमेरो."