गुलमंडीतले माहेर

लोखंडी सळईवरून पितळी कड्या सरकल्याचा आवाज कुठेही कानी आला, की माझ्या जिभेवर जिऱ्याच्या फोडणीची चव उतरते. गुलमंडीतल्या त्या हॉटेलात आतल्या अंगाला काही ‘फॅमिली रूम’ होत्या. लाकडी फळ्यांचे आडोसे, मध्ये संगमरवरी टेबल, आणि दाराच्या जागी विटकरी रंगाचा जाड पडदा. कड्या किणकिणल्या, पडदा ओढला गेला, की बाजाराचा गलका एकदम पाण्याखाली गेल्यासारखा वाटे. मग फक्त फोडणीचा वास, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा गारवा आणि पंख्याची कुरकुर. त्या अर्ध्या उजेडात माझी आई माझ्या थोरल्या बहिणीला जेवू घालत असे.

घरी ते शक्य नव्हते. देवगाव रंगारीच्या आमच्या घरात माझी बहीण मेलेली होती.

पेरणीआधी आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला एक कुटुंब यायचे. त्यांतला मुलगा शिकला, शहरात शिक्षक झाला, आणि ताईने त्याच्याशी लग्न केले. त्यांच्या मेंढ्यांच्या लेंड्यांवर आमची काळी जमीन पिकत आली होती. त्यांच्या घरात आमची मुलगी नांदावी, हे मात्र वडिलांना सोसले नाही. बातमी आली त्या सकाळी त्यांनी विहिरीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली. ओल्या अंगाने ओसरीवर आले आणि म्हणाले, “संपलं.” आईने कोरडे धोतर पुढे केले.

आईची कंबर धरायची. त्यासाठी गुलमंडीमागच्या एका वैद्यांचे औषध चालू होते, आणि ते आणायला दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ती मोटारीने शहरात येई. सोबतीला मी, दहा वर्षांची. हे ताईला ठाऊक होते. लग्नानंतर काही महिन्यांनी ती हर्सूलच्या सासरहून आली आणि वैद्यांच्या दारात येऊन उभी राहिली. रस्त्यात बोलायची सोय नव्हती. गुलमंडीतल्या एका कापडदुकानात वडिलांचे चुलतभाऊ बसत, आणि त्यांची नजर दुकानातल्या कापडापेक्षा रस्त्यावर अधिक असे. त्या दुकानासमोरच हे हॉटेल होते. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत उघडलेले, दोन दारांचे. एक दार बाजारात, दुसरे मागच्या बोळात. आम्ही दोघी समोरून आत गेलो. ताई बोळातून आली. गावाहून आलेल्या बायका जेवायला बसल्या, यात काकांना वावगे दिसण्यासारखे काही नव्हते.

तिथला वाढपी पांढऱ्या दाढीचा, हळू चालणारा. पडद्यात शिरण्यापूर्वी तो बाहेरूनच खाकरायचा. त्या पहिल्या दिवशी त्याने थाळ्या मांडल्या, वांग्याच्या रश्शाचे भांडे आणले आणि पळी उचलली. आईने ती त्याच्या हातातून घेतली.

“राहू द्या. मी वाढते.”

“अहो बाई, ये तो हमारा काम है.”

“माझी लेक हाय.”

त्याने ताईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. भांडे टेबलावर ठेवले. “मग तुमीच वाढा. मी पडदा लावून घेतो.”

पुढच्या खेपेपासून आमचे जेवण भांड्यांतूनच येऊ लागले. पळीचा दांडा आईच्या बाजूला केलेला असे.

आई उभी राहून वाढायची. त्या आडोशात धड उभे राहायला जागा नव्हती, तिचा पदर फळीच्या खिळ्यात अडके, तरी बसून वाढणे तिला जमेना. पोळीचा तुकडा स्वतः मोडून ती ताईच्या थाळीत टाकी, वर तुपासारखी रश्शाची तर्री सोडी.

“आई, हॉटेलात आलीस तरी पळी सुटंना तुझी,” ताई हसायची.

“गप जेव. गळ्याची हाडं वर आलीत. खातीस का नाय तिकडं?”

“लई खाते. सासूबाई तर पिठलं तुझ्यापेक्षा चांगलं करतात.”

“व्हय का? मग इथं कशाला आलीस?” असे म्हणत आई आणखी एक पळी वाढायची.

ताई म्हशीची चौकशी करी, चिंचेच्या झाडाची करी, शेजारणींच्या भांडणांची तर अगदी खोदून करी. वडिलांचे नाव काढत नसे. मग उठायच्या वेळी आई रिकाम्या भांड्याकडे पाहत सांगायची, “बरे हायेत. गुडघे दुखतेत जरा.” ताई मान हलवायची. आधी ती बोळात जाई. तिची पावले ऐकू येईनाशी झाली, की आम्ही बाजारात.

ताईला सातवा महिना लागला, तेव्हा आईने त्याच टेबलापाशी तिची ओटी भरली. खण आणि नारळ बाजारात घेतले. घरून गहू बांधून आणले असते, तर कशाला म्हणून विचारणा झाली असती. म्हणून तिने वाढप्याकडे मूठभर तांदूळ मागितले. त्याने ताटलीभर आणले आणि पडद्याकडे पाठ करून बाहेर उभा राहिला. आई ते तांदूळ निवडायला बसली. पंख्याखाली, संगमरवरावर, एकेक दाणा बोटाने सरकवत.

“भात करायलीस का ओटी भरायलीस?” ताई म्हणाली.

“ओटीच्या तांदळात खडा नको.”

निवडून झाल्यावर आई उठली. पदर पुढे धरून ताई खाली पाहत होती, आणि तांदूळ पडताना पावसाचे बारीक थेंब पानावर पडावेत तसा आवाज झाला.

मग काही महिने ती आली नाही. आम्ही दोघीच जेवत होतो, तेव्हा आई बसून जेवायची आणि लवकर उठायची. एका गुरुवारी वाढपी खाकरून आत आला, त्याचा चेहरा उजळलेला. “मुबारक हो बाई! पोरगी झाली. जावईसाहेब सांगून गेले. पुढल्या महिन्यात लेक घेऊन येणार म्हणाले.”

तो महिना आईने बाळाच्या डोक्याला कुंची शिवण्यात घालवला. आपल्या इरकली साडीचे काठ उसवून तिने कुंचीला झालर लावली. वडील रानात गेले की पेटीतून काढायची, त्यांची चाहूल लागली की पुन्हा पेटीत.

हॉटेलाच्या जागी आता चार मजली कापडाचे दुकान आहे. माझ्या वयाची माणसे भेटली, की तिथल्या मसाल्याच्या वांग्याची आठवण काढतात, आणि तशी चव पुन्हा नाही, असे म्हणून उसासतात. मी मान डोलावते. शहरात दुसरी हॉटेले होती, पण बोळात उघडणारे दार आणि निरोप जपणारा माणूस आम्हाला पुन्हा कुठे मिळाला नाही. हॉटेल बंद झाले त्याच वर्षी मेव्हण्यांची बदली दूर झाली. मायलेकी पुन्हा भेटल्या त्या आईच्या शेवटच्या दुखण्यात. तेव्हा आईला पळी धरवत नव्हती.

बाळ येणार होते त्या गुरुवारी, कुंची पिशवीत घालून, आम्ही औषध न घेताच आधी हॉटेलाकडे गेलो. दार लोटलेले, वरची पाटी उतरवलेली. दोन हमाल टेबलांच्या संगमरवरी लाद्या उभ्या धरून हातगाडीवर चढवत होते. दिवसाच्या उजेडात त्या किती पिवळ्या दिसत होत्या. वाढपी कुठेच नव्हता.

समोरून काकांनी हाक मारली, “वहिनी, बंद झालं ते! म्हातारा मालक गेला, पोरांनी जागा विकून टाकली. या, दुकानात बसा, च्या सांगतो.”

“नको भाऊजी, मोटार चुकंल,” आई म्हणाली.

तेवढ्यात मला ताई दिसली. बोळातले दार बंद पाहून ती वळसा घालून बाजारात आली असावी. बांगडीवाल्यापाशी, काकांच्या दुकानाकडे पाठ करून, डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर होते. ते तिच्या खांद्यावरून आमच्याकडे पाहत होते, काळे, भरल्या गालांचे, डोक्याला काहीच नसलेले. परक्याच्या लेकराकडे जितका वेळ पाहता येते, तितका वेळ आईने पाहिले. मग हातातली पिशवी तिने हॉटेलाच्या पायरीवर ठेवली, पदर सारखा केला, माझे मनगट धरले आणि मोटारस्टँडच्या दिशेने चालू लागली.

“आई, पिशवी राहिली.”

ती थांबली नाही. तिच्या बोटांची पकड मात्र घट्ट झाली. वळणाशी मी मान मागे केली. ताई रस्ता ओलांडून आली होती. पायरीवर बसून एका हाताने तिने पिशवी उराशी धरली होती, दुसऱ्या हाताने बाळ. काकांच्या दुकानात गिऱ्हाईक आले होते. आई सरळ समोर पाहत चालत होती. माझ्याकडेही न पाहता तिने विचारले,

“घेतली?”