वळणावरचा विसावा
कच्च्या अंड्याचा वास आला की मला आमच्या गावाची, हिर्डोशीची ती वाट आठवते. सत्तरच्या दशकात मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन अभ्यासत होतो. ते चुंबकात ठेवायचं, त्याच्या अणुकेंद्रांना हलका धक्का द्यायचा आणि ती किती वेळात विसावतात ते मोजायचं. त्यावरून स्थिर वाटणाऱ्या रेणूच्या आत काय हालतंय ते कळतं. सुट्टीत घरी आलो तेव्हा वडिलांनाही मी हे असंच सांगितलं होतं. त्याच सुट्टीत त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी त्यांना पाजलेलं दुधातलं कच्चं अंडं ओठांवरूनच ओघळलं, तेव्हा भोरच्या दवाखान्यात न्यायला गावातल्या चौघांनी त्यांना बाजेवर घालून खांद्यावर घेतलं आणि आम्ही एसटीच्या रस्त्याकडे निघालो. वळणावर खांदे भरून आले म्हणून ते बाज टेकवू लागले, तशी आई ओरडली, "खाली ठिवू नका रं! इसावा मेल्यालाच देत्यात!" वडील डोळे न उघडताच हसले, "अगं, पोरगं इसाव्याचंच तर शिकतंय. त्याला इचार, किती येळ ऱ्हायलाय." आई माझ्याकडे वळली, "सांग की रं, एवढा शिकलास. आत काय हालतंय का?" मी त्यांची नाडी चाचपत चालत राहिलो. घाटात दरड कोसळली होती, एसटी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर विसाव्याला त्यांची तिरडी टेकवली. पुढे कितीतरी वर्षं मी अणुकेंद्रांचा तो विसावण्याचा वेळ मोजत राहिलो. मराठीत त्याविषयी लिहिताना मात्र 'शिथिलन' असा शब्द घालतो. 'विसावा' लिहायला हात धजत नाही.