उन्हाच्या आड आलेला सोनचाफा

आजवर या इंटरनेट समूहावर मी केवळ वाचत आले… इथे इतकी अनुभवी मंडळी लिहीत असताना मी लेखणी उचलावी, हे धाडसच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. परंतु हे मनात ठेवणे आता जमत नाही.

परवा, गुरुवारी सकाळी, आमच्या उमेळे गावच्या वाडीतला डिझेल जनरेटर टेम्पोत चढवून नेण्यात आला. वाडीच्या कोपऱ्यातली जागा मोबाइल कंपनीच्या टॉवरला भाड्याने दिली आहे, त्या टॉवरचा तो जनरेटर. भारनियमन सुरू झाले की तो धडधडू लागे, आणि त्याचा धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरे.

घरात माझी थोरली काकी आहे. तिला दमा आहे. वीज गेली की आम्हाला अंधाराची नव्हे, तर तिच्या खोकल्याची धास्ती वाटे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, हा धूर थांबला नाही तर औषधांचा उपयोग नाही.

वाचनालयातल्या एका मासिकात मी वाचले होते, की दूरसंचार कंपन्या आता काही टॉवर सौरऊर्जेवर चालवू लागल्या आहेत… प्रदूषण कमी व्हावे म्हणून. मी ते बाबांना दाखवले. बाबा म्हणाले, "मग लिही अर्ज. दहावीला मराठीत पहिली आलेली पोर घरात असताना मी वकील कशाला शोधू?"

मी अर्ज लिहिला. चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिला… आणि पावसाळा संपता संपता कंपनीचे एक तरुण इंजिनिअर खरोखरच वाडीत आले.

"ताई, तुमचा अर्ज आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलाय," ते हसत म्हणाले. "मॅनेजर विचारत होते, हा अर्ज आहे की निबंध? पण मंजूर केला बरं का." मला मान वर करून पाहता येईना. तरीही इतका आनंद मला गुणपत्रिका पाहूनही झाला नव्हता.

मग त्यांनी दिशा पाहिली, जागा मोजली… आणि ते सोनचाफ्यासमोर येऊन थांबले.

आमचा चाफा कलमाचा नव्हता, बियांपासून वाढलेला होता, कौलांच्याही वर गेलेला. काकी लग्न होऊन या घरी आली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. पहाटे आकडीच्या काठीने फुले काढायची, पानांत बांधून दादरच्या बाजारात पाठवायची, हा तिचा उभ्या आयुष्याचा नेम. तो टॉवरच्या नेमका दक्षिणेला होता.

"काकी, हे झाड काढावं लागेल," इंजिनिअर हळूच म्हणाले. "सौर पॅनलच्या कोपऱ्यावर जरी सावली पडली, तरी वीज घटते."

"इतकी वर्षं तुमचा धूर ओढला आम्ही," काकी म्हणाली, "तेव्हा नाही कधी आड आलं ते तुमच्या."

बाबांनी छाटून भागेल का, ते विचारले. पॅनल दुसरीकडे बसवता येतील का, तेही विचारले… पण छाटलेला चाफा पुन्हा वाढणार, आणि उरलेल्या वाडीत नारळी-पोफळींची दाट सावली. झाड ठेवायचे असेल तर जनरेटर राहील, इतके साधे ते गणित होते.

मी म्हणाले, झाडासाठी मी पुन्हा अर्ज करते. काकीने खोकल्याची उबळ ओसरू दिली आणि ती म्हणाली, "नको बाय. काढू दे त्यांना."

आमच्याकडे झाड तोडण्यापूर्वी त्याला सांगण्याची रीत आहे. दिवाळीनंतरच्या एका सांजवेळी काकी हळदकुंकू, तांदूळ आणि नारळ घेऊन चाफ्यापाशी गेली. मागे तबक धरून मी.

बुंध्याला कुंकू लावून ती म्हणाली, "उद्या माणसं येतील. तुझ्यावर वस्तीला असतील त्या पाखरांना आजच सांगून ठेव…"

मग तिला दम लागला. मी पुढे झाले, तर तिने हातानेच मला थांबवले.

"पोरीनं माझ्यासाठी केलं हे," ती झाडाला म्हणाली. "तिला ठाऊक नव्हतं. तिच्यावर राग धरू नकोस. काय असेल ते माझ्या माथी."

तिने मागे वळून पाहिले नाही. बहुधा माझ्यासाठीच पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे केवळ आकाश उरले.

आता पॅनल बसले आहेत. कुंपणावर कंपनीने हिरवा फलक लावला आहे, 'पर्यावरणस्नेही केंद्र'. त्यावरचा मजकूर मी लिहावा, असा इंजिनिअरांचा आग्रह होता. दोन दिवस कागद समोर घेऊन बसले, एक ओळ सुचली नाही. शेवटी त्यांनीच लिहिला. बाबांनी वाचून दाखवला तेव्हा काकी म्हणाली, "बरा आहे. पण आमच्या बायसारखं नाही जमलं त्याला."

जे झाले ते चूक होते, असे मी म्हणू शकत नाही. कंपनीने शब्द पाळला. धूर खरोखरच थांबला. तरीही सकाळी अंगणात गेले, की मान आपोआप वर जाते…

चार वाजता आमच्याकडची वीज जाईल, म्हणून इथेच थांबते. शेजारच्या खोलीत काकी झोपली आहे. कित्येक वर्षांनी ती दुपारची उशाशी उशा न रचता, सरळ आडवी होऊन झोपली आहे. मी मघापासून तिचा श्वास ऐकते आहे… त्यात घरघर नाही.

शनिवार, २१ नोव्हेंबर २००९, दुपारी ३ वाजून ५२ मिनिटे