आठ कोपऱ्यांची अंगठी

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गहिनीनाथ दलालाला म्हशीचं वय दात न बघता सांगता यायचं. स्वतःची ऐपत मात्र त्याला कधी नीट सांगता आली नाही.

नगरला एका लग्नात त्यानं कुणा बिल्डरच्या मनगटावर परदेशी घड्याळ पाहिलं. अष्टकोनी चौकट आणि तिच्यावर चक्क आठ स्क्रू. किंमत ऐकून तोंडातला गुलाबजाम तोंडातच राहिला. तेवढ्यात निम्म्या बाजारातल्या म्हशी आल्या असत्या. घड्याळ परवडणारं नव्हतं, म्हणून त्यानं तशीच सोन्याची अंगठी करायचं ठरवलं आणि फोटो घेऊन हनुमंत सोनाराचं दुकान गाठलं.

"स्क्रू कशाला?" हनुमंतनं विचारलं. "आत उघडायला तर काहीच नाही."

"डिझाईन हाय ती. तुमाला न्हाई कळायची."

चाळीस वर्षं डिझाईन घडवणाऱ्या हनुमंतनं फक्त बोटाचं माप घेतलं.

अंगठी देखणी झाली, हे कबूल करायला हवं. स्क्रूंच्या खाचासुद्धा केसाएवढ्या बारीक कोरल्या होत्या. पण जाडी सुपारीएवढी. ती उजव्या तर्जनीत चढली, तेव्हापासून गहिनीनाथ दिवसातून पन्नासदा मिशी सारखी करू लागला. बायको चांगुणा एवढंच म्हणाली, "माज्या जोडव्यांना तुमाला येळ न्हाई, अन् सोताच्या बोटाला नटबोल्ट."

शुक्रवारी रतनबाईची म्हैस विकायची होती. गिऱ्हाईक भिमाजी जुना, ओळखीचा. रीतीप्रमाणे दोघांनी हातांवर उपरणं टाकलं. आत समोरच्याची बोटं धरून भाव सांगायचा, एका बोटाचे दहा हजार, बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. गहिनीनाथनं आधी पाच बोटं दाबली, मग चार. म्हणजे नव्वद हजार. पण दुसऱ्या खेपेला ती जाडजूड अंगठी भिमाजीच्या अंगठ्यावर रुतली. त्याला वाटलं, पुन्हा पाचच. म्हणजे लाख. त्यानं हात झटकला आणि चालता झाला. गहिनीनाथला घोटाळा उमगेपर्यंत भिमाजीनं दुसऱ्याची म्हैस टेम्पोत चढवली होती.

"अंगठ्या दावायला आलाय का म्हस इकायला?" रतनबाईनं भर बाजारात विचारलं.

हनुमंत अंगठी घासून पातळ करून द्यायला तयार होता, तेही फुकट. गहिनीनाथनं ऐकलं नाही. त्यानं उपरणंच सोडलं. "आता आपला येव्हार उघड. पारदर्शक," असं तो सांगू लागला. उघड भाव सगळ्या बाजाराला ऐकू जायचा आणि शेजारचा दलाल लगेच दोन हजारांनी खाली यायचा. पुढच्या शुक्रवारी रतनबाईनं म्हैस त्याच दलालाच्या हाती दिली.

आता बाजारच्या दिवशी गहिनीनाथ बहुतेक चहाच्या टपरीवर सापडतो. ते घड्याळ कुठल्या देशात बनतं, त्याला आठच कोपरे का, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावतो. लोक मान डोलावत ऐकतात. चहा संपेपर्यंत. चहा गहिनीनाथच पाजतो.