हिरवा दिवा

आमच्याकडे शेतीपंपांचे कंट्रोलर बनतात. आतला प्रोसेसर दर सेकंदाला 'मी चालू आहे' असा इशारा देतो; तो थांबला की राखणीचं सर्किट त्याला पुन्हा सुरू करतं. आज दुरुस्तीला आलेल्या बोर्डाचे इशारे बिनचूक येत होते, हिरवा दिवा लुकलुकत होता, पंप मात्र बंदच. शेजारच्या टेबलावरच्या सुनीताताईंनी माझा कोड वाचला. "इशारा तू टायमरवर सोपवलास. काम अडकलं तरी तो आपला जातच राहणार."

नवख्यांची चूक, माझ्या हातून झाली.

दिव्याकडे बघताना आई आठवली. गावी एकटी असते. रोज सातला फोनवर म्हणते, "मी बरी आहे रे, तू तुझं काम कर." त्या एका वाक्याच्या भरवशावर मी वर्षभर तिला भेटायला गेलेलो नाही.