सरजाबाईंनी निवडलेलं स्वयंपाकघर

लातूर जिल्हा झाला त्याला चार वर्षं होत आली होती, आणि धड पाऊस पडला त्याला तीन. नव्या जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कॉलेजं वाढली, आणि मुलींच्या वसतिगृहात चाळीसाच्या जागी एकशे दहा मुली राहू लागल्या. स्वयंपाकाची खोली मात्र तीच होती, पत्र्याची, तीन चुलींची. सरजाबाई तिथं अकरा वर्षं रांधत होत्या.

सरजाबाई मूळच्या औशाजवळच्या खेड्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात. कामावरच्या मजुरांसाठी मोठ्या कढईत सुकडी, गूळ-पिठाचा खाऊ, व्हायची. दुपारच्या सुटीत बाकीच्या बाया लिंबाखाली टेकत, आणि सरजाबाई आचाऱ्यापाशी उभ्या राहून विचारत, "जाळ मधीच का कमी केलाव? पाणी एकदम का न्हाई घातलं?" आठ दिवसांत आचारी इतका वैतागला, की त्यानं उलथनंच त्यांच्या हातात दिलं. तिथून त्या स्वयंपाकाला लागल्या त्या लागल्याच.

त्या उन्हाळ्यात नव्या स्वयंपाकघराला मंजुरी आली. गॅसच्या भट्ट्या, दगडी ओटा, धूर ओढणारं धुराडं, सगळं एकाच ठेकेदारानं आणून बसवून द्यायचं होतं. अर्ज दोघांचे आले. एक नांदेडच्या मोठ्या कंपनीचा, दुसरा औसा रोडवर पत्र्याचं काम करणाऱ्या संगप्पाचा.

वसतिगृहाच्या अधीक्षिका उमाबाई भल्या, पण स्वयंपाकघरात फारशा न येणाऱ्या. त्यांनी नांदेडच्या कंपनीचं रंगीत पुस्तक सरजाबाईंपुढं ठेवलं. "बघा बरं. समितीला काय सांगू?"

सरजाबाईंनी पदराला हात पुसले आणि एकेक पान बराच वेळ न्याहाळलं. चित्रातली बाई इस्त्रीचं लुगडं नेसून चकचकीत ओट्यापाशी हसत उभी होती.

"बाई, हिच्या नळाला पानी कुठून येतंय?"

उमाबाई हसल्या. लातुरात तेव्हा नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि बाकीचे दिवस टँकरवर निघायचे.

"आन् भांडं न्हाई एक बी. शंभर जणींचं वरण कशात शिजवती ही?" सरजाबाईंनी पुस्तक मिटलं. "ह्यांनी बसवलेलं घर कुठं हाय का? चित्र नगं. चूल पेटलेली दावा म्हणावं."

कंपनीनं नांदेडच्या एका वसतिगृहाचा पत्ता दिला. उमाबाई आणि सरजाबाई पहाटेच्या एसटीनं निघाल्या, आणि कंपनीचे श्रीमंतराव स्टँडवर घ्यायला आले. चहा पाजून त्यांनी दोघींना ऑटोत बसवलं आणि वाटभर भट्टीचं कौतुक सांगितलं.

कौतुक खोटं नव्हतं. दोन भट्ट्या धडधडत होत्या आणि डोळ्याला पाणी नव्हतं. सरजाबाई धुराड्याखाली मान वर करून उभ्याच राहिल्या. "धूर जातो कुठं? पंखा बंद पडला तर?" श्रीमंतरावांनी नीट समजावून सांगितलं. मग उमाबाई त्यांच्याबरोबर कचेरीत गेल्या, आणि सरजाबाई तिथल्या स्वयंपाकीणबाईंपाशी, लक्ष्मीबाईंपाशी, लसूण सोलायला बसल्या.

लक्ष्मीबाईंच्या पायाखाली लाकडी फळी होती.

"ही कशाला वं?"

"ओटा उंच हाय, माय. फळीवर उभी राहून करून राहिले दोन वर्षं."

"आन् भरलेलं पातेलं उतरवताव कसं?"

"दोघी-तिघी धरतो. मागं एकीचा पाय भाजला." लक्ष्मीबाईंनी आवाज उतरवला. "भट्टी लई चांगली. पन श्रावणात एक बिघडली, तर मानूस आला दिवाळीला."

निघताना सरजाबाईंनी श्रीमंतरावांनाच विचारलं, "साहेब, हे पातेलं जरा उतरवून दावता का?"

श्रीमंतराव भला माणूस. त्यानं बाह्या सरसावल्या, कडीला हात घातला आणि पातेलं वीतभर सरकवून थांबला. "जड आहे, बाई."

"मग भट्टी गुडघ्याइतकी खाली बसवता यील का?"

"माप कारखान्यातून ठरून येतं. आमच्या हातात नाही." हे सांगताना तो खरोखरच ओशाळला होता.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई संगप्पाकडं गेल्या. त्यानं औशाच्या एका खानावळीत काम केलं होतं. तेही त्यांनी जाऊन पाहिलं. ओटा बेताचा होता, भट्टी खाली होती, पण धुराडं नुसतं नावाला. खानावळीची भिंत वसतिगृहाच्या भिंतीइतकीच काळी. सरजाबाईंनी भिंतीवरून बोट फिरवून ते काळं बोट संगप्पापुढं धरलं.

"हे काय हो, मामा?"

संगप्पा म्हणाला, "तसलं धुराडं म्या कधी केलं न्हाई. खोटं कशाला बोलू?"

"नांदेडला बघून याल का?"

"जाऊन येतो की."

आणि तो खरंच गेला. लक्ष्मीबाईंकडं चहा पिऊन, धुराड्याचा पंखा, नळी, वाकण, सगळं कागदावर उतरवून आला. आल्यावर वसतिगृहाच्या अंगणात त्यानं सरजाबाईंच्या हातात कोळसा दिला. "काढा तुमच्या मनानं."

त्यांनी फरशीवर रेघा ओढल्या. इथं भट्टी, गुडघ्याइतकी. इथं भाकरीचा ओटा, कमरेइतका. भाजी धुतलेलं पाणी नळीनं बाहेरच्या हौदात जाऊ दे, म्हणजे भांड्यांची पहिली घासणी त्यातच होईल. संगप्पानं नळीची रेघ दोनदा पुसून पुन्हा काढली, तेव्हा कुठं उतार जमला.

वसतिगृहाच्या समितीनं सरजाबाईंना बोलावलं. एक सदस्य म्हणाले, "नांदेडची कंपनी नावाजलेली आहे. हा संगप्पा नवखा."

"हाव, नवखाच हाय," सरजाबाई म्हणाल्या. "भट्टी बी नांदेडचीच चांगली, म्या डोळ्यांनी बघितली. पन एकालाच द्यायचं म्हनताव, तर बिघडल्यावर कोन येतंय ते बघा. आन् आमच्या उंचीचं कोन करतंय ते बघा. उद्या पोळलो तर आमीच पोळनार, साहेब."

उमाबाईंनी लक्ष्मीबाईंच्या फळीची गोष्ट सांगितली, आणि काम संगप्पाला गेलं.

जूनमध्ये स्वयंपाकघर उभं राहिलं. पहिल्याच दिवशी वारा सुटला आणि धुराडं उलटं वाहू लागलं. फोडणीचा खकाणा घरभर पसरला. मुली खोकत बाहेर पळाल्या. "सांगितलं होतं," असं पाहायला आलेल्या त्या सदस्यांच्या तोंडून निघालंच. सरजाबाईंच्या मनात आलं, आपण भलत्याच माणसाची बाजू घेतली का?

त्यांनी निरोप धाडला. तासाभरात संगप्पा सायकलवर वेल्डिंगचं सामान लादून घामाघूम हजर. छतावर चढला, उतरला, पुन्हा चढला. "धुराड्यावरची टोपी आखूड झाली, बाई. माझीच चूक." अंगणात बसून त्यानं नवी टोपी जोडायला घेतली.

सरजाबाईंचं वरण भट्टीवर होतं. त्यांनी जाळ बारीक केला आणि अंगणात येऊन उभ्या राहिल्या. निळ्या ठिणग्या उडत होत्या.

"बघू नगा, डोळे जातील," संगप्पा ओरडला.

"मग तुमी कसं बघताव?"

त्यानं तोंडावरची काळ्या काचेची ढाल काढून त्यांच्या हातात दिली, आपण मान वळवली आणि हात तसाच धरून जोडाचा एक टाका दिला. सरजाबाईंनी ढाल दोन्ही हातांनी चेहऱ्यापाशी धरली. सगळं अंगण काळोखात बुडालं, आणि मधोमध एक हिरवा थेंब लोखंडावरून हळूहळू सरकत गेला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "लोखंड तर पातळ होतंय की! आजून एकदा करा."