कांद्याच्या खोलीतलं गाणं

सांगलीला लेकाच्या घरी चहा घेत होते, तेवढ्यात लोणंदहून पुतण्याचा फोन आला. "काकी, इंदूआत्या गेली..." माझ्या नणंदेचं, इंदूवन्संचं वय झालं होतं, अंथरूणही धरलं होतं. तरी रडू यायच्या आधी मला रागच आला. एवढ्या जणांना पुरून उरलेली बाई अशी झोपेत गुपचूप जाते?

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन लोणंदला आले आणि वर्षभरातच वन्सं सांगलीकडचं सासर सोडून माहेरी आल्या. गाणं सोड, नाहीतर घर सोड, असं तिथं सांगण्यात आलं होतं. त्यांनी घर सोडलं. आवाज त्यांचा भरदार, बाईच्या मानानं खालच्या पट्टीतला. ओवी लावली की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबायचं. माझे यजमान फौजेत होते. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी कुणा साहेबाचा जुना, मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर बहिणीसाठी आणला, आणि परसातली कांद्याची खोली गाणी टेप करायला तिला द्या, असा वडिलांना शब्द टाकून ते परत गेले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावाचे आण्णा, कांद्याचे अडते. लेकाला नाही म्हणवेना, पण ते धुसफुसत राहिले. "माझं घर हाय ह्ये. तमाशाची कनात न्हाई." खोलीत टेबल-खुर्ची लागणार हे कळताच त्यांनी बाजारातल्या सगळ्या सुतारांना बजावलं, की इंदूचं काम कुणी घ्यायचं नाही. त्यांचा शब्द मोडणारं गावात कुणी नव्हतं. आमचा नेहमीचा सुतार दारात येऊन खाली मान घालून म्हणाला, "ताई, आण्णांनी न्हाई म्हटलंय."

"काम करू नगा म्हणालेत न्हवं?" वन्सं म्हणाल्या. "करवत देऊ नगा म्हणालेत का?"

तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी करवत, रंधा, पटाशी घेऊन आला.

भंगारातून जुनी सागवानी दारं आणली. वन्सं नऊवारीचा काचा मारून परसात करवत चालवायच्या आणि मी फळी दाबून धरायची. रस्त्यावरून जाणारे थबकायचे. शेजारीण कुजबुजली, "आवं ताई, लोक बघत्यात." "बघू द्या. शिकतील तरी," वन्सं म्हणाल्या. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. पहिलं टेबल तर पार फसलं. रिळं फिरायला लागली की ते थरथरायचं आणि गाण्याच्या मागं घुर्रघुर्र ऐकू यायचं. त्यांनी ते सगळं उसकटलं, जाड पाय घातले, पायांखाली टायरचे तुकडे दिले. खुर्ची करकरायची, म्हणून खिळे उपटून लाकडी खुंट्या ठोकल्या. आवाज भिंतींवर आपटून घुमायचा, तर लाकडी चौकटींवर अडतीतली रिकामी पोती ताणली आणि आत माणदेशातल्या धनगरांकडच्या जुन्या घोंगड्या कोंबल्या. त्या चौकटी भिंतीला लावल्यावर पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा, निव्वळ आवाज यंत्रातून ऐकू आला. वन्संनी रीळ मागं फिरवून पुन्हा लावलं. म्हणाल्या, "वैनी, ही मी हाय व्हय..."

पुढं त्या एका लग्नासाठी औंधला गेल्या, आणि परत येतात तो खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत कांद्यानं भरलेली. टेबल, खुर्ची, सगळं खाली गाडलं गेलेलं. मामंजी अंगणात बाजेवर बसले होते. "माल ठेवाया जागा न्हवती," एवढंच म्हणाले. वन्संनी पदर खोचला आणि पाटीनं कांदा बाहेर आणायला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मामंजी गरजले, "सूनबाई, आत व्हा!" लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढं मी कधी मान वर केली नव्हती. पण मी आत गेले नाही. दुसरी पाटी उचलली. उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघींनी कांदा उपसला आणि तो सगळा मामंजींच्या बाजेभोवती चारी बाजूंनी रचला.

"आण्णा, माल तुमचा, तुमच्यापाशी बरा," वन्सं म्हणाल्या. "खोली माझी हाय."

मामंजी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, खाली उतराया वाट तरी करा." मी वाट केली. त्या दिवसानंतर खोलीत कांदा आला नाही आणि मरेपर्यंत मामंजीही आले नाहीत. वन्संनी त्यांना कधी बोलावलंही नाही.

बायका मात्र आल्या. बाजाराच्या दिवशी टोपल्या बाहेर ठेवून जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी गाऊन जायच्या. पुण्याचा कुणी रेकॉर्डवाला एकदा वन्संचं गाणं ऐकून म्हणाला, "बाई, हा आवाज जाड आहे, चालणार नाही." "तुमच्याकडं नसंल चालत. हितं चालतोय," म्हणून त्यांनी पुढचं रीळ लावलं.

वन्संच्या तेराव्याला मी लोणंदला गेले. ते झाल्यावर पुतण्यानं खोली गोदामाला द्यायची ठरवली. टेंपो आणला, हमाल आणले. खुर्ची निघाली, चौकटी निघाल्या. टेबल काही दारातून जाईना. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं... सगळीकडून दारापेक्षा मोठं. वन्संनी ते आतच जोडलं होतं, आणि असं जोडलं होतं की सांधा सुटेना. बोलावलेला सुतार ठोकून बघून म्हणाला, "आजी, कापावं लागंल. न्हाईतर भिंत पाडा."

पुतण्या माझ्याकडं बघायला लागला. वन्सं मापात कधी चुकल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "खुर्ची आत आण, आणि टेंपो माघारी धाड."